लिलिथ: बाळंतिणीच्या उशापासून गेमच्या पडद्यापर्यंत

गेल्या दिवाळीत भाचा राहायला आला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फराळ झाला की टीव्हीला कन्सोल जोडायचा आणि 'डायब्लो ४' खेळत बसायचा. मीही शेजारी बसून बघायचे. त्याचा योद्धा बर्फातून चालला होता. एका कड्याच्या आडोशाला शिंगं असलेल्या बाईची छोटी दगडी मूर्ती लागली. त्याने जवळ जाऊन बटण दाबलं, मूर्ती लाल उजळली आणि पडद्यावर अक्षरं आली: ताकद वाढली.

जपाची माळ हातात धरून आई बघत होती. म्हणाली, "देवी आहे का रे ही?"

"नाही आजी, डेमन आहे. लिलिथ. बायबलमधली, आदमची पहिली बायको. शेवटी हिलाच मारायचंय."

डेमन, बायबल, पहिली बायको. भाच्याने एका दमात सांगितलेल्या या तिन्ही गोष्टी इंटरनेटवर जिकडेतिकडे अशाच सापडतात, आणि तिन्ही जराजरा चुकलेल्या आहेत. आईचा प्रश्न मात्र मला तेव्हा वाटला त्याहून खूप नेमका होता. म्हणून सगळं पहिल्यापासून, नीट क्रमाने सांगते.

आधी गेममधली गोष्ट

'डायब्लो' ही ब्लिझर्ड या अमेरिकी कंपनीची गेमची मालिका. पहिला भाग १९९६ च्या अखेरीस आला, चौथा जून २०२३ मध्ये. डायब्लो म्हणजे स्पॅनिशमध्ये सैतान, पण नाव सुचलं ते कॅलिफोर्नियातल्या माउंट डायब्लो या डोंगरावरून. पहिल्या गेमचे एक निर्माते डेव्हिड ब्रेविक त्याच्या पायथ्याशी राहायचे.

गेमच्या जगात देवदूत आणि नरकातले डेमन यांचं कधीच न संपणारं युद्ध चालू आहे. इनॅरियस नावाचा देवदूत आणि लिलिथ, म्हणजे द्वेषाचा अधिपती मेफिस्टो याची मुलगी, युद्धाला विटून पळ काढतात आणि सगळ्यांपासून लपवून एक नवं जग उभं करतात. त्यांची मुलं म्हणजे तिथल्या माणसांचे पूर्वज. ही मुलं आईबापांपेक्षा बलवान निघणार हे दिसायला लागतं, तेव्हा त्यांना संपवायची भाषा सुरू होते. लिलिथ मुलांना वाचवायला स्वतःच्याच साथीदारांची कत्तल करते. इनॅरियस तिला हद्दपार करतो. चौथ्या भागात ती परत येते आणि लोक तिला 'माता' म्हणून शरण जाऊ लागतात.

बर्फातली ती मूर्ती हा याच कथेचा भाग. गेम आला तेव्हा अशा १६० मूर्ती त्या जगात विखुरलेल्या होत्या. प्रत्येक शोधली की खेळाडूला थोडी शक्ती मिळते. म्हणजे जिला मारायला निघालात, तिच्याच मूर्तीला हात लावत पुढे जायचं. ही कल्पना मला फार आवडली.

'डेमन'ला मराठीत काय म्हणायचं?

आपण पटकन 'राक्षस' म्हणतो आणि तिथेच गडबड होते. मराठीत या मंडळींची केवढी वर्गवारी आहे: असुर, राक्षस, पिशाच्च, वेताळ, जखीण, हडळ, मुंजा. असुराला राज्य असतं, तो तप करतो, वर मागतो. हडळीला यातलं काही नसतं. ती गावाच्या वेशीबाहेर, विहिरीपाशी, चिंचेखाली असते आणि तिची भीती राजाला वाटत नाही, घरातल्या माणसांना वाटते. इंग्रजीत हे सगळे 'डेमन' या एकाच पोत्यात जातात.

शिवाय कोणाचा देव आणि कोणाचा डेमन, हेही पक्कं नसतं. आपल्याकडे देव पूज्य आणि असुर त्यांचे शत्रू. प्राचीन इराणात अहुर हा परमेश्वर आणि दएव हे दुष्ट. शब्द सख्खे भाऊ, वाटण्या उलट्या झाल्या. डायब्लो मालिकेत बाल नावाचा एक क्रूर अधिपती आहे. 'बाल' म्हणजे स्वामी, आणि आजच्या सीरिया-लेबनॉनच्या भागात तो पावसा-वादळाचा मोठा देव होता. शेजारच्या धर्माने त्याला खाली ढकललं आणि गेमपर्यंत तो तसाच घरंगळत आला.

लिलिथला आपल्या यादीत बसवायचं तर ती असुरांमध्ये बसत नाही, हडळीच्या शेजारी बसते. आणि हे लक्षात घेतलं की पुढचं सगळं उलगडतं.

वारा, अर्धवट आयुष्य आणि तान्हं मूल

तिच्या नावाचा माग आजच्या इराकमध्ये, तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या खोऱ्यात लागतो. तिथल्या जुन्या सुमेरी भाषेत 'लिल' म्हणजे वारा. पुढच्या अक्कादी भाषेत 'लिलू' आणि 'लिलितू' ही वाऱ्यासारखी घरात शिरणारी भुतं. त्यांच्यात 'अर्दत-लिली' म्हणून एक प्रकार आहे: लग्न न होता, संसार न पाहता मेलेली तरुण मुलगी. जे तिला मिळालं नाही ते ती जिवंत माणसांकडून ओरबाडते. मराठी वाचकाला याचा वेगळा खुलासा नको. मुंज झाली, लग्नाआधी गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली आहे.

त्याच प्रदेशात लमाश्तू नावाची दुसरी एक होती. सिंहाचं तोंड, पक्ष्याचे पाय. ती गरोदर बाईच्या पोटाला हात लावते आणि तान्ही मुलं पळवते, असं मंत्रांमध्ये लिहिलेलं आहे. तिला हाकलायला लोकांनी काट्याने काटा काढला: पझुझू या दुसऱ्या भयंकर भुताचं मुंडकं घडवून गरोदर बायका गळ्यात घालायच्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक कोरीव पत्रा आहे. त्यावर लमाश्तू गाढवावर आणि गाढव होडीत आहे, एका स्तनाला डुकराचं पिल्लू आणि दुसऱ्याला कुत्र्याचं, आणि पझुझू तिला नदीवाटे पिटाळून लावतोय.

काळ बदलला, भाषा बदलल्या. लमाश्तूचं काम हळूहळू लिलिथच्या नावावर चढलं. बाळंतपणात आई किंवा मूल दगावणं ही घरोघरची गोष्ट होती. जंतुसंसर्ग हा शब्दच नव्हता. रात्री हसतं-खेळतं मूल सकाळी थंड पडलेलं असायचं, आणि त्या आईला 'का?' या प्रश्नाचं काहीतरी उत्तर हवं असायचं. लिलिथ हे ते उत्तर होतं. आपल्याकडे पाचवीच्या रात्री दिवा जागता ठेवायचे, उशाखाली विळी नाहीतर अडकित्ता सारायचे, ते याच धाकाने.

वाडग्यावर लिहिलेली सोडचिठ्ठी

या सगळ्या इतिहासात मला सर्वात जवळची वाटते ती वस्तू साधी आहे: मातीचा वाडगा.

इराकमध्ये असे शेकडो वाडगे सापडले आहेत, साधारण पाचव्या ते आठव्या शतकातले. निप्पूर या प्राचीन शहराच्या ठिकाणी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्खनन केलं, त्यात मिळालेल्या वाडग्यांवर जेम्स माँटगोमेरी यांनी १९१३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. दही लावायच्या वाडग्याएवढा आकार, झिलई नाही. आतल्या बाजूला शाईने आरामी भाषेतला मंत्र गोल-गोल फिरत लिहिलेला. काहींच्या मध्यभागी चित्र: केस मोकळे सोडलेली बाई आणि तिच्या पायांत साखळदंड. हा वाडगा घराच्या उंबऱ्याखाली किंवा कोपऱ्यात पालथा पुरायचा. भूत आलं की त्याखाली अडकतं, अशी समजूत. कधी दोन वाडगे तोंडाला तोंड लावून डांबराने जोडलेले असतात.

आणि मजकूर काय? बऱ्याच वाडग्यांवर चक्क घटस्फोटाची भाषा आहे. लिलिथ घरातल्या पुरुषाच्या स्वप्नात येते, स्वतःला त्याची बायको समजते, म्हणून तिला रीतसर सोडचिठ्ठी द्यायची. तुझा कागद तुला मिळाला, आता या घरातून, या अंथरुणातून, या मुलांपासून दूर हो, असा त्याचा आशय. हे वाडगे फक्त ज्यूंच्या घरात नव्हते, इतर धर्मांचे शेजारीही ते करून घ्यायचे.

अजून एक बारकावा. वाडग्यावर ज्यांच्यासाठी मंत्र लिहिला त्यांची नावं असतात, आणि प्रत्येकाची ओळख आईच्या नावाने दिलेली असते: अमकी, अमकीची मुलगी. अमका, अमकीचा मुलगा. बापाच्या नावाने चालणाऱ्या त्या समाजात, निदान या भीतीपुरतं, माणूस आईचा होता.

मग 'आदमची पहिली बायको' हे बायबलमध्ये आहे का?

नाही. हिब्रू बायबलमध्ये लिलिथ हा शब्द एकदाच येतो, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, ३४व्या अध्यायातल्या १४व्या वचनात. एक देश उजाड होईल, तिथे कोल्हे-रानमांजरं फिरतील आणि लिलिथला विसावा मिळेल, एवढंच. आदम नाही, लग्न नाही. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तर त्या जागी चक्क घुबड आहे.

पहिल्या बायकोची गोष्ट त्यानंतर कितीतरी शतकांनी, साधारण आठव्या ते दहाव्या शतकातल्या 'बेन सिराची अक्षरमाला' या ज्यू लेखनात येते. हे लेखन बरंचसं चेष्टेखोर आहे, धर्मग्रंथ म्हणून कोणी ते वाचत नव्हतं. त्यात म्हटलंय की आदम आणि लिलिथ दोघांना एकाच मातीतून घडवलं. लिलिथ म्हणाली, मी खाली निजणार नाही, आपण दोघं सारखे. आदम ऐकेना. तेव्हा ती देवाचं गुप्त नाव उच्चारून उडून गेली. तिला आणायला तीन देवदूत गेले: सेनॉय, सानसेनॉय आणि सेमानगेलॉफ. ती परत आली नाही, पण एक वचन दिलं: ज्या बाळाजवळ तुमची तिघांची नावं दिसतील त्याला मी हात लावणार नाही. मुलगा असेल तर आठ दिवस, मुलगी असेल तर वीस दिवस तिचा अंमल.

आठ दिवस का? ज्यू मुलाची सुंता आठव्या दिवशी होते. आपलं बारसं बाराव्या दिवशी. तोवर धाकधूक, नंतर जीव भांड्यात. ही तीन नावं लिहिलेले ताईत-कागद पुढे शेकडो वर्षं बाळंतिणीच्या भिंतीवर लागत होते. चेष्टेखोर पुस्तकातली गोष्ट, पण घाबरलेल्या घरांनी तिला अगदी मनापासून जवळ केलं.

'आपण दोघं सारखे' हे वाक्य मात्र विसाव्या शतकात नव्याने ऐकू गेलं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या ज्यू स्त्रियांनी आपल्या स्त्रीवादी मासिकाचं नावच 'लिलिथ' ठेवलं. हडळीची नायिका झाली ती तिथे.

जाता जाता एक गैरसमज. पंख आणि पक्ष्याचे पंजे असलेली, दोन घुबडांमध्ये उभी राहिलेली बाई, असा मातीचा फलक 'लिलिथ' म्हणून इंटरनेटवर सर्वत्र फिरतो. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि जवळजवळ चार हजार वर्षं जुना आहे. आज बहुतेक अभ्यासक तिला लिलिथ मानत नाहीत; ती प्रेम-युद्धाची देवी इश्तार किंवा पाताळाची राणी एरेश्किगल असावी, असं त्यांचं मत आहे. म्हणजे ती देवी आहे.

गेमला अशी जुनी नावं का लागतात?

एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. लिलिथवर कोणाची मालकी नाही, परवानगी लागत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत. आणि नाव ऐकताच पाश्चात्त्य खेळाडूच्या मनात काहीतरी हलतं. नवं नाव घडवून तिथवर पोचायला वर्षं लागली असती.

दुसरं कारण खेळाच्या घडणीतलं. गेममध्ये टप्प्याच्या शेवटी जो मोठा शत्रू असतो त्याला 'बॉस' म्हणतात. त्याच्या डोक्यावर किंवा पडद्याच्या कडेला त्याच्या जिवाची पट्टी असते, घाव बसेल तशी ती कमी होते. बॉस कितीही भयंकर असला तरी नियमाने वागतो: फटका मारण्याआधी खूण देतो, ती खूण ओळखली तर तुम्ही वाचता. डायब्लो ४ मध्ये मूळ कथा संपल्यावर लिलिथचं आणखी कठीण रूप समोर येतं. लढाई दोन टप्प्यांत, पायाखालची फरशी तुकड्या-तुकड्यांनी कोसळते, आणि भल्याभल्या खेळाडूंचा एका फटक्यात निकाल लागतो. भाचा त्या रात्री कितीतरी वेळा मेला. शेवटी वहीत फटक्यांचा क्रम लिहून काढला, तेव्हा कुठे जमलं.

ती वही बघताना मला वाडगा आठवला. मंत्र बरोबर क्रमाने, नावं बिनचूक, जागा उंबऱ्याची. नियम पाळले तर ती काही करू शकत नाही. भीतीला नियमांत बांधायचं आणि मग तिच्याशी दोन हात करायचे, ही युक्ती गेमवाल्यांच्या फार आधीची आहे.

पण मूळची मुलं मारणारी, गेममध्ये आई कशी?

हा माझ्या मते सगळ्यात मोठा बदल आहे. जुन्या कथेतली लिलिथ दुसऱ्यांची बाळं नेते. गेममधली लिलिथ स्वतःची मुलं वाचवायला सगळ्यांचा जीव घेते. नाव तेच, शिंगं-पंख आले, पण तिला जिने जन्माला घातलं ती भीती काढून घेतली. कारण उघड आहे. दवाखान्यात जन्मलेल्या, लसी घेतलेल्या खेळाडूला पाळण्याजवळच्या अंधाराची धास्ती कळणार नाही. प्रेमाने गिळून टाकणारी आई मात्र त्याला लगेच कळते. लिखाण म्हणून ते चांगलं झालंय. तिचे युक्तिवाद सहज झटकून टाकता येत नाहीत. तरी मला हळहळ वाटते. त्या १६० मूर्तींपैकी एकीपाशी जरी एखादा पाळणा असता, तरी ती कुठून आली हे कळलं असतं.

असा बदल काही गेमनेच पहिल्यांदा केलेला नाही. आपलं महाभारत काढा. मगधाचा राजा बृहद्रथ, दोन राण्या, दोघींना मिळून अर्धं-अर्धं मूल झालं. दायांनी ते तुकडे नेऊन चव्हाट्यावर टाकले. मांस खाणारी जरा राक्षसी आली, नेण्याच्या सोयीसाठी दोन्ही तुकडे एकत्र धरले आणि मूल सांधलं, रडायला लागलं. तिच्याच्याने ते खाववेना. तिने राजाला नेऊन दिलं. जरेने सांधला म्हणून जरासंध. सभापर्वात ती राजाला सांगते की जो आपल्या भिंतीवर माझं मुलांसह चित्र काढेल त्याच्या घराची भरभराट होईल.

ते चित्र आपल्या घरात आहे. श्रावणात देवघराशेजारी लागतो तो जिवतीचा कागद. वर नरसिंह, कालियावरचा कृष्ण, खाली हत्ती-वाघावरचे बुध-बृहस्पती, आणि मधे मुलांना अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा-जिवंतिका.

"हे म्हणजे श्रद्धेची चेष्टा नाही का?"

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरसकट देता येत नाही. मी एक साधी कसोटी लावते: आज त्या नावापुढे कोणी हात जोडतं का? लिलिथची पूजा कोणत्याही ज्यू घरात होत नव्हती, तिला दाराबाहेर ठेवायची धडपड होती. तिला खलनायिका केल्याने कोणाच्या देव्हाऱ्याला धक्का लागत नाही. कालीची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये 'स्माइट' या अमेरिकी गेममधल्या कालीच्या तोकड्या कपड्यांतल्या रूपावर हिंदूंकडून आक्षेप आला, तो मला समजतो. जपानी 'मेगामी टेन्सेई' मालिका १९८७ पासून चालू आहे. तिच्यात विष्णू आणि शिवही 'अकुमा', म्हणजे डेमन, या एकाच यादीत येतात. तिथे अपमानाचा हेतू नाही, जगातल्या सगळ्या अलौकिक शक्तींना त्यांनी एकच शब्द वापरलाय. पण आपल्याला तो टोचतो, आणि टोचतो हे सांगायला हरकत नाही.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' आणला, त्यात महाबलासुर आहे, आणि दुर्गा-विष्णू कथा सांगतात. भावाला, गोलूला, शोधायला निघालेली साधी मुलगी असुराशी लढते. देव कुठे ठेवायचा आणि असुर कुठे, हे घरातल्या माणसाला जास्त अचूक कळतं, हे तो गेम बघताना जाणवतं.

"मुलं हाच इतिहास खरा धरतील त्याचं काय?"

धरतात. 'लिलिथ मेफिस्टोची मुलगी' हे वाक्य मी पुराणकथा म्हणून लिहिलेलं वाचलंय. ते निव्वळ गेममधलं आहे. मेफिस्टो हे नाव सोळाव्या शतकातल्या जर्मन फाउस्ट-कथेतून, म्हणजे सैतानाशी करार करणाऱ्या विद्वानाच्या गोष्टीतून, आलंय, लिलिथशी त्याचं नातं ब्लिझर्डने जोडलं. पण भाच्याला हे सांगितल्यावर तो वैतागला नाही. कन्सोल बंद करून त्याने फोनवर वाडग्यांचे फोटो शोधले. साखळदंडातली ती बाई मोठी करून बराच वेळ बघत बसला. मग विचारलं, "आणि हे ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांची बाळं वाचली का?"

ते वाडग्यावर लिहिलेलं नसतं.

यंदा श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी आईने कागद लावला, आघाडा-दुर्वांची माळ घातली, पुरणाचे दिवे केले. औक्षणाला पाटावर बसायला घरात मूल नव्हतं. भाचा हॉस्टेलवर. मग तिने चिमूटभर अक्षता घेतल्या, तो राहतो ती दिशा कोणती हे मला विचारलं, आणि खिडकीतून तिकडे टाकल्या.